मूळ कांती

जुनी नाणी विकणारी माणसं स्वभावाने संशयी. सख्ख्या भावाने दिलेलं नाणंही ते आधी दिव्याखाली धरतील आणि मग भावाकडे बघतील. पण हेच लोक एका कार्डापुढे मान तुकवायचे. तळहाताएवढं, जाड, पांढरं कार्ड, त्यावर नाण्याचा क्रमांक, झीज किती, वरची कांती कशी, आणि खाली अक्काची सही. ती सही दिसली की घासाघीस थांबायची. "अक्काने बघितलंय ना? मग झालं तर," एवढं बोलून नाणं या खिशातून त्या खिशात जायचं.

अक्का त्रेसष्ट वर्षांची. तिसऱ्या मजल्यावर पुढच्या खोलीत तिचं काम आणि मागच्या दोन खोल्यांत संसार. संसार म्हणजे ती आणि तिची धाकटी बहीण. दोघींनीही लग्न केलं नाही. अक्काने कामापायी केलं नाही आणि धाकटीने अक्कापायी केलं नाही, असं ओळखीचे लोक म्हणत, आणि अक्काला ते ऐकून बरं वाटे. धाकटी अठ्ठावन्नची झाली तरी अक्का तिला 'चिमे' अशीच हाक मारायची.

काम वडिलांनी शिकवलेलं. वडील म्हणायचे, "नाणं झिजलं तर त्यात त्याचा काय गुन्हा? शंभर हातांतून फिरलं, झिजणारच. माणूसही झिजतो. गुन्हा घासणाऱ्याचा." चांदीच्या नाण्यावर शंभर-दीडशे वर्षांत करडी-तपकिरी साय धरते, कडेला तिला निळसर झाक असते. सायीखाली टांकसाळीतून निघतानाची चमक जिवंत असते, आणि नाणं दिव्याखाली हळूहळू फिरवलं की ती चाकाच्या आऱ्यांसारखी गोल पळते. या सगळ्याला मिळून वडील 'मूळ कांती' म्हणायचे. अडाणी माणूस प्रेमापोटी नाणं घासून लख्ख करतो, लबाड माणूस डाग लपवायला आम्लात बुडवून फडक्याने पुसतो. नाण्याच्या दृष्टीने दोघांत डावंउजवं करायचं कारण नाही, कारण गेलेली साय पुन्हा कोणाच्या बापाला आणता येत नाही.

वडिलांनी एक नियमही घालून दिला होता. प्रत्येक नाणं दोघींनी बघायचं, वेगवेगळं, एकमेकींकडे पाठ करून. बघून झालं की आपापलं मत चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी दुमडायची, आणि मग दोन्ही चिठ्ठ्या एकदम उघडायच्या. जुळल्या तर कार्ड. नाही जुळल्या तर पुन्हा बघायचं. तिसऱ्यांदाही नाही जुळल्या तर नाणं आल्या वाटेने परत. चिठ्ठ्या मात्र फेकायच्या नाहीत. त्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत, क्रमांक घालून, वर्षांमागून वर्षं साठत गेल्या होत्या. कार्डावर सही फक्त थोरलीची. ते का, हे वडिलांना कोणी विचारलं नव्हतं आणि वडिलांनी सांगितलंही नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी अक्काला दिवा कमी वाटू लागला. तिने दिवा बदलला. मग भिंग बदललं. मग खिडकीची काच धुऊन घेतली, आणि काच धुणाऱ्याला "नीट धू की रे मेल्या" म्हणून चार शब्दही सुनावले. शेवटी धाकटीच तिला डोळ्यांच्या इस्पितळात घेऊन गेली. तिथे डोळ्यांत औषधाचे थेंब घातले, तपासणी झाली, आणि डोळे चुरचुरतात म्हणून अक्का बाहेर बाकावर डोळे मिटून बसली. धाकटी आत जाऊन डॉक्टरांशी बोलून आली. म्हणाली, "मोतीबिंदू आहे, पण अजून पिकलेला नाही. एवढ्यात हात लावायचा नाही म्हणाले. कच्च्याला हात लावला तर असलेली नजरही जायची." अक्काने हुश्श केलं. डोळ्यांत सुरी जायच्या नुसत्या विचाराने तिला कापरं भरत होतं, ते टळलं.

त्यानंतर काम चालूच राहिलं, उलट बरं चाललं. अक्काला वाटे, आजकाल नाणी फार चांगली येतात. पूर्वी दहात चार घासलेली असायची, आता नाण्यामागून नाणं मऊ तपकिरी सायीचं. कधी तिने 'मूळ कांती' लिहावं आणि धाकटीच्या चिठ्ठीत 'घासलेलं' निघावं. मग धाकटी म्हणायची, "अक्का, पुन्हा बघ हं. छापातल्या राणीच्या गालावर रेघा आहेत बारीक." अक्का पुन्हा बघायची, रेघा दिसायच्या नाहीत, पण चिमी म्हणते तर असतील, असं म्हणून मत बदलायची. बहिणीचा डोळा म्हणजे आपलाच डोळा, असं तिला वाटत होतं.

त्या पंधरवड्यात धाकटी परगावी गेली होती. लोणीसाहेबांनी तिकडे नाण्यांचं प्रदर्शन भरवलं होतं. या गृहस्थांचं खरं नाव निराळंच होतं, पण समोरच्याला लोणी लावल्याशिवाय त्यांच्या तोंडातून वाक्य बाहेर पडत नसे, म्हणून अक्कानेच हे नाव ठेवलं होतं. गेली तीन वर्षं सर्वांत जास्त नाणी त्यांचीच यायची. पंधरा दिवस धाकटी नाही म्हटल्यावर कार्ड देणं बंद, आणि अक्का शेंगा सोलत रेडिओ ऐकत बसली होती. तेवढ्यात दार वाजलं.

आलेला माणूस पन्नाशीचा, हसतमुख. त्याने खिशातून दोन नाणी काढून टेबलावरच्या मखमलीवर ठेवली.

"ही दोन्ही एकाच टांकसाळीची, एकाच सालातली. हे माझ्या आजोबांचं. हे मी गेल्या महिन्यात घेतलं, तुमच्या कार्डासकट. मला यातलं ओ की ठो कळत नाही, अक्का. पण आजोबांचं नाणं आजोबांसारखं दिसतं, आणि हे आत्ता आंघोळ करून आल्यासारखं."

अक्काच्या कपाळाला आठी पडली. "ओ की ठो कळत नाही ना? मग कळणाऱ्याचं ऐकावं माणसाने." तिने नाणं दोन बोटांत कडेने धरलं, दिवा ओढला, आणि नाणं नाकाशी नेलं. सवयीने मनगट फिरलं. "कांती मूळ आहे. चांगली तपकिरी साय आहे. बघा की."

"तपकिरी?" तो म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारलं, "माझा सदरा कुठल्या रंगाचा आहे?"

"हे काय विचारणं झालं? पिवळट. सायीच्या रंगाचा."

"पांढराशुभ्र आहे, अक्का. आज सकाळी इस्त्री करून घातलाय." त्याने खुर्ची पुढे ओढली. "नाणं राहू द्या. मी डोळ्यांचा डॉक्टर आहे. जरा दिव्याकडे बघता?"

अक्का दिव्याकडे बघत राहिली आणि तो तिच्या डोळ्यांत. त्याचं बोलणं आता हळू झालं होतं. "तुमच्या डोळ्यांतली भिंगं पार चहाच्या रंगाची झालीत. तुम्ही सगळं जग त्यातूनच बघताय. हळूहळू होतं, म्हणून ज्याचं त्याला कळत नाही. दाखवलं नाहीत कोणाला?"

"दाखवलं की. तीन वर्षं झाली. नदीपलीकडच्या इस्पितळात. पिकलेला नाही म्हणाले."

"अहो, मोतीबिंदू म्हणजे काय आंबा आहे, पिकायची वाट बघायला? ते दिवस कधीच गेले. आणि त्याच इस्पितळात मी काम करतो. आमच्याकडे कोणी असं म्हणणारच नाही."

"चिमीच्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली असेल," अक्का म्हणाली.

डॉक्टरांनी नाण्याची तक्रार बाजूला ठेवली आणि तिसऱ्या दिवसाची वेळ दिली, आधी उजव्या डोळ्याची. अक्काने धाकटीला कळवलं नाही. उगाच घाबरेल, प्रदर्शन टाकून धावत येईल, असं तिला वाटलं. शिवाय थोडी गंमतही मनात होती की चिमी येईल तेव्हा आपण जिन्यापर्यंत एकट्या सामोऱ्या जाऊ आणि तिच्या साडीचा रंग ओळखून दाखवू.

सुरी वगैरे काही दिसलं नाही. अर्ध्या तासात झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी परिचारिकेने पट्टी काढली आणि अक्काला समोर पहिल्यांदा दिसली ती फरशी पुसायची बादली. प्लास्टिकची, निळी. एवढा निळा रंग जगात आहे हे ती विसरून गेली होती. बादलीकडे बघून ती रडायला लागली, तेव्हा परिचारिका म्हणाली, "आजी, डोळ्यांतून पाणी काढायचं नाही हं अजून."

घरी आल्यावर तिला दम निघेना. डॉक्टरांचं नाणं तिने ठेवून घेतलं होतं, ते मखमलीवर घेतलं, दिवा लावला आणि भिंग उजव्या डोळ्याला लावलं. नाणं पांढरंफटक होतं. राणीच्या गालावर, गळ्यावर, अक्षरांच्या मधल्या जागेत बारीक सरळ रेघा होत्या, फडक्याने पुसताना पडतात तशा. कुठेही काही पळत नव्हतं, उजेड एका जागी बसून होता. मग तिने उजवा डोळा झाकला आणि भिंग डाव्या डोळ्याला लावलं. तेच नाणं मऊ, तपकिरी, खानदानी झालं. रेघा नाहीशा. पुन्हा उजवा, पुन्हा घासलेलं. पुन्हा डावा, पुन्हा मूळ कांती. कितीतरी वेळ ती एक डोळा मिटत होती आणि दुसरा उघडत होती.

साय नाण्यावर नव्हती, तिच्या डोळ्यांत होती. तीन वर्षं ती आपल्याच मोतीबिंदूला कांती म्हणून सही करत होती. बेचाळीस वर्षांचं नाव, आणि ते असं. लोक तिच्या सहीवर डोळे मिटून विश्वास ठेवत होते, आणि तिचे स्वतःचे डोळे असे होते.

मग तिला धाकटी आठवली. चिठ्ठ्या तर दोन असतात. चिमीच्या डोळ्यांना काय झालंय? तिला अजून सुईत दोरा ओवता येतो. या नाण्यावरच्या रेघा तिला दिसल्या नसतील हे शक्य नाही. म्हणजे दिसल्या होत्या, आणि तरी तिने अक्काशी जुळेल असं लिहिलं होतं.

अक्काचं मन भरून आलं. आपली नजर गेलीय हे पोरीला केव्हाच कळलं असणार. आपल्याला लाज वाटू नये म्हणून तिने सांभाळून घेतलं. चुकीचं केलं, बाबा असते तर दोघींना घराबाहेर काढलं असतं, पण केलं ते माझ्यासाठी. 'वेडी कुठली,' अक्का मोठ्याने म्हणाली, आणि एकटीच हसली.

पण मग बाकीच्या नाण्यांवर 'अक्का, पुन्हा बघ हं' का म्हणायची ती?

हा प्रश्न आला आणि गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने तीन वर्षांचे डबे खाली काढले. डॉक्टर ताण देऊ नका म्हणाले होते, त्यांना मनातल्या मनात हात जोडले, आणि भिंग लावून चिठ्ठ्या लावायला बसली. एका बाजूला लोणीसाहेबांची नाणी, दुसऱ्या बाजूला बाकी सगळ्यांची. बाकीच्यांच्या ढिगात धाकटीने वेळोवेळी 'घासलेलं' लिहिलं होतं, नीट, ठसठशीत अक्षरांत, कुठे रेघा आहेत ते सांगून. शाळेतल्या शिक्षकांची चार नाणी, एका विधवेने आणलेली पिशवीभर, सगळ्यांचं खरं खरं मत. आणि लोणीसाहेबांची एकशे बारा नाणी. एकशे बारा वेळा अक्काचं 'मूळ कांती', एकशे बारा वेळा धाकटीचं 'मूळ कांती'. एकदाही पुन्हा बघायला लागलं नव्हतं.

अक्का जमिनीवर तशीच बसून राहिली. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, ते तिने लोकांच्या बाबतीत किती वेळा म्हटलं होतं. तरीही तिने मनाशी घोकून ठेवलं की लोणीसाहेबांनी भुलवलं असेल, तो माणूसच तसा, चिमी भोळी. काहीतरी कारण असणार. पाच दिवस तिने ते कारण शोधण्यात घालवले, आणि रोज एक नवं कारण सापडायचं.

आठवड्याने डोळा तपासायला ती इस्पितळात गेली तेव्हा डॉक्टरांनी तिचे जुने कागद मागवून ठेवले होते. तपासून झाल्यावर ते म्हणाले, "नजर उत्तम आहे. आता डावा पुढच्या महिन्यात करू." मग कागदावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "हे तुम्हाला माहीत आहे ना?"

अक्काने गळ्यातलं भिंग काढून वाचलं. तीन वर्षांपूर्वीची तारीख. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, शस्त्रक्रिया लवकरात लवकर करावी, असा सल्ला. खाली दुसऱ्या शाईत, रुग्णाच्या वतीने नकार, रुग्णाची मानसिक तयारी नाही असं बहिणीने सांगितलं. आणि त्याखाली सही.

ती सही अक्काने उभ्या आयुष्यात फार वेळा पाहिली नव्हती. धाकटीला सही करायची वेळच कुठे यायची? पण अक्षर तेच होतं, डब्यांतलं, ठसठशीत.

"अक्का?" डॉक्टर म्हणाले. "बरं वाटतंय ना?"

"याची एक नक्कल मिळेल का हो मला?" अक्काने विचारलं.

घरी येईपर्यंत ती रडली नाही. नाण्यांचं एक वेळ ठीक होतं. माणूस मोहाला पडतो. पण डोळे? पानातलं मीठ दिसत नव्हतं, रस्ता ओलांडताना काळजाचं पाणी व्हायचं, आरशात स्वतःचं तोंड धुक्यात गेलं होतं. आणि हे सगळं समोर बसून, एका ताटात जेवून, ती बघत होती. तीन वर्षं. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि कापणारीचे केस आपणच लहानपणी विंचरलेले. घरात पाऊल टाकल्यावर मात्र अक्का दाराला टेकून धाय मोकलून रडली. डॉक्टरांनी मनाई केली होती तरी रडली.

धाकटी दोन दिवसांनी दुपारी आली. जिन्यातूनच ओरडली, "अक्का, दार लोट, माझे हात भरलेत!" तिने केवढं तरी खोकं आणलं होतं. आत टेबलाला जोडायचं भलंमोठं भिंग, गोल दिव्यासकट. "आता बघ तुला कसं बरं पडेल ते. विकणारा एवढं सुद्धा म्हणाला..." आणि ती थांबली. "हा काळा चष्मा कुठला?"

"उजव्या डोळ्याचं ऑपरेशन केलं."

धाकटीने खोकं हळूच खाली ठेवलं. "मला न सांगता?"

दुखलं का, सोबत कोण होतं, आता दिसतंय का, यातलं काहीच नाही. अक्काने चष्मा काढला. तीन वर्षांत पहिल्यांदा तिला बहिणीचं तोंड स्वच्छ दिसत होतं. कानाजवळचे केस पांढरे झाले होते, डोळ्यांखाली काळं आलं होतं, आणि तोंडावर भीती होती. म्हातारी झाली की ही, असं क्षणभर वाटून अक्काला वाईटही वाटलं.

तिने इस्पितळाचा कागद पुढे सरकवला. "ही सही तुझीच ना?"

धाकटीने कागद वाचला. मग पुन्हा वाचला. "घाबरले होते गं मी," ती म्हणाली. "डोळ्याचं काम. काही वाकडं झालं असतं तर?"

अक्काला ते फार, फार खरं मानायचं होतं. तिने टेबलावरचं फडकं बाजूला केलं. खाली चिठ्ठ्यांचे दोन ढीग होते. "मग हे?"

धाकटीने दोन्ही ढीग पाहिले. मग तिने खुर्ची ओढली आणि बसली, आणि जेव्हा बोलायला लागली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता. "बेचाळीस वर्षं मी चिठ्ठी लिहिते, अक्का. माझी चिठ्ठी डब्यात जाते आणि तुझी सही गावभर फिरते. माझी नजर तुझ्यापेक्षा चांगली होती. लहानपणापासून होती. बाबांना माहीत होतं. तुलाही माहीत होतं."

ते खरं होतं.

"सगळे म्हणायचे, हे घर अक्काच्या डोळ्यांवर चालतं. त्या दिवशी डॉक्टर म्हणाले, त्यांना बारीक काही दिसतच नाहीये. म्हटलं, बघू तरी, डोळ्यांशिवाय चालतं का. चाललं. तीन वर्षं चाललं. नुसत्या तुझ्या नावावर."

"आणि लोणीसाहेब?"

"ते तिकडे नवीन दालन काढतायत. तिथे कार्डावर सही माझी. एकटीची." धाकटीने इस्पितळाचा कागद दूर सरकवला. "मला कोणी असं कधी विचारलंच नव्हतं गं."

"खोट्या नाण्यांवर नाव करणार होतीस होय?"

"नाणी खरी होती. घासलेली होती."

यावर बाबा काय म्हणाले असते ते दोघींनाही माहीत होतं. अक्काने ड्रॉवरमधून कोरा कागद घेतला. नाणी विकणाऱ्यांचं एक पत्रक दर महिन्याला निघायचं, सगळे ते वाचायचे. त्यात द्यायचा मजकूर ती दोन दिवस डोक्यात घोळवत होती, आता लिहायला बसली. गेल्या तीन वर्षांत माझ्या सहीची जी कार्डं गेली ती सर्व रद्द समजावीत. ज्यांना नाणं परत दाखवायचं असेल त्यांनी आणावं, मी पुन्हा बघीन. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता आणि मी तो कोणाला सांगितला नाही. चूक माझी आहे. खाली तिने सही केली. नेहमीचीच सही. या कागदाने बेचाळीस वर्षांचं नाव पुसलं जाणार होतं.

धाकटी खांद्यावरून वाचत होती. "माझं नाव नाहीये यात," ती हळूच म्हणाली.

"नाही."

"का?"

"तुझं नाव कार्डावर कधी घातलं नाही. मग इथेच कशाला घालू?" अक्का म्हणाली. तिला खरंच तसं वाटत होतं. बाबांनी केला तो अन्याय, तिने पाहिला आणि चालवून घेतला. थोरलीने एवढं पदरात घ्यायला हरकत नाही, असं तिने ठरवलं होतं.

धाकटीने सुटकेचा श्वास सोडला. तिने माठातलं पाणी आणलं, अक्काला दिलं, स्वतः प्यायली. खोलीत जरा बरं वाटायला लागलं. दोघी जुन्या सवयीने शेजारी शेजारी बसल्या होत्या, आणि त्या सवयीनेच अक्काच्या तोंडून प्रश्न गेला.

"एक विचारू, चिमे? जिना उतरताना माझा हात धरायचीस. पायऱ्या मोजून सांगायचीस. रस्त्यात मला आतल्या बाजूने घ्यायचीस. कामाचं जाऊ दे. तेवढं तरी खरं होतं ना?"

धाकटीने थोडा विचार केला. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं, आणि पाणी पिऊन ती सैलावलीही होती. घरात नेहमी करायच्या तशी थट्टा करावी, या सुरात ती हसून म्हणाली, "न धरून सांगते कुणाला? तू पडली असतीस तर सही कोणी केली असती?"

अक्काही हसायला गेली. हसू आलं नाही.

तिने कागद परत पुढे ओढला. शेवटच्या ओळीत आणि सहीत बोटभर जागा उरली होती. भिंग न लावता, मोठ्या अक्षरांत, तिने तिथे एक ओळ लिहिली आणि धाकटीला वाचता येईल असा कागद तिच्याकडे फिरवला.

'या तीन वर्षांत माझ्या धाकट्या बहिणीला सगळं स्वच्छ दिसत होतं.'